बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं पॅनेल बीएसएल-३ लॅबला चालेल का?

पॅनेलवाला_कुपवाड
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझा पफ पॅनेलचा (दोन पत्र्यांत फोम भरलेल्या भिंतींचा) छोटा धंदा आहे. तासगाव, सावळज, कवठेमहांकाळ इकडची बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं करतो. गेल्या आठवड्यात ओळखीच्या ठेकेदाराने एक ड्रॉइंग पाठवलं. सातारा जिल्ह्यात एक लॅब व्हायची आहे (नाव लिहीत नाही, अजून नुसतं कोटेशन चाललंय), तिच्या भिंतींच्या पॅनेलचा आणि दारांचा भाव दे म्हणाला. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय बीएसएल-३, म्हणजे जैवसुरक्षेची (बायोसेफ्टी) तिसरी पातळी.

ड्रॉइंगवर प्रत्येक खोलीत वजा आकडे. -१५, -३०, -४५. मला आधी तापमानच वाटलं. मनात म्हटलं, वजा पंचेचाळीसला हे काय आईस्क्रीम ठेवणार आहेत का? मग कोपऱ्यात बारीक अक्षरात 'पास्कल' दिसलं. शिवाय आत जायला एकामागे एक दोन दारं, मध्ये मोकळी खोली, आणि एक दार उघडं असताना दुसरं उघडता कामा नये अशी टीप.

माझं नेहमीचं कॅमलॉकचं (हुकाने एकमेकांत अडकवायचं) पॅनेल तिथे चालेल का? नसेल तर नेमकं काय बदलतं? आणि घरचा प्रश्न वेगळाच. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "रोगाची कोठारं बांधायची कामं घेऊ नकोस." त्यांना काय सांगू?

मिरजेचा_तंबोरा
-४५ ला आईस्क्रीम! हसून हसून पुरेवाट.

कोयनाकाठ
वाचतोय. आधी कुणीतरी १, २, ३, ४ म्हणजे काय ते सांगा. पातळी वाढली की जंतू वाढतात का?

डक्टवाला
पॅनेलवाले, तुम्ही शेवटचा प्रश्न आधी विचारलात. भिंत कसली हे नंतर बघू, आधी वारा कुठून कुठे जातो ते बघा.

वीस वर्षं एसी-डक्टिंग करतोय. फार्माच्या क्लीन रूम ढिगाने केल्या, कंटेनमेंटच्या खोल्या दोनच. क्लीन रूममध्ये औषध जपायचं असतं, म्हणून आत दाब जास्त ठेवतात. दार उघडलं की वारा बाहेर येतो, धूळ आत जात नाही. कंटेनमेंटला नेमकं उलटं. दार उघडलं की बोळातली हवा आत गेली पाहिजे, आतली बाहेर येता कामा नये. बोळ शून्य, मधली खोली -१५, तिच्या आतली -३०, सगळ्यात आतली -४५. पाणी उताराला धावतं तशी हवा आत आत जाते आणि शेवटी हेपा (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरमधून गाळून छपरावर निघते.

हे आकडे ऐकायला मोठे, पण २५ पास्कल म्हणजे पाण्याचा जेमतेम अडीच मिलिमीटर स्तंभ. दोन चौरस मीटरच्या दारावर साधारण पाच किलोचा जोर. तुम्हाला हे हाताला माहीत आहे. कोल्ड स्टोरेजचं दार लावलं आणि काही विसरलं म्हणून लगेच उघडायला गेलं की दार ओढून धरतं ना? आत शिरलेली गरम हवा गार होऊन आकसते, त्याची ती ओढ. ती क्षणभराची. इथे तीच ओढ पंख्यांनी चोवीस तास धरून ठेवायची. दोन दारं त्यासाठीच. दोन्ही एकदम उघडली तर उतारच मोडला.

खरी ग्यानबाची मेख पंख्यांच्या क्रमात आहे. हवा बाहेर फेकणारा पंखा आधी सुरू व्हायला हवा, आत देणारा नंतर. बंद करताना उलट. आणि फेकणारा अचानक बंद पडला तर देणाऱ्यानेही त्याच क्षणी थांबलं पाहिजे, नाहीतर खोली फुग्यासारखी फुगते आणि आतलं सगळं बोळात.

एका कामावर चाचणीच्या दिवशी लाईट गेली. जनरेटर लागला आणि देणारा पंखा आधी उठला. मी दाराच्या खालच्या फटीला बाहेरून टिश्यू पेपरची पट्टी चिकटवून ठेवली होती. ती आत ओढली गेलेली असायची. बघता बघता ती सैल पडली, सरळ लोंबली आणि हळूच माझ्या बुटाकडे वळली. दहा-पंधरा सेकंद असेल. आत अजून एकही जंतू आलेला नव्हता म्हणून सगळे हसले. मी त्या रात्री रिले बदलून, सगळा क्रम पुन्हा तपासूनच घरी गेलो.

पॅनेलवाला_कुपवाड
दाराची ओढ म्हटल्यावर एकदम डोक्यात शिरलं. धन्यवाद डक्टवाले.

सूक्ष्मजीव_ताई
कोयनाकाठ, पातळी वाढली की जंतू वाढत नाहीत. :) आणि आणखी एक, जंतू बीएसएल-३ नसतो, खोली असते. जंतूंचे जोखीम गट वेगळे, खोल्यांच्या पातळ्या वेगळ्या. त्याच जंतूसोबत तुम्ही काय करताय त्यावर खोली ठरते. क्षयाचंच घ्या. थुंकीची स्लाइड रंगवून बघणं साध्या, हवेशीर लॅबमध्ये काळजी घेऊन जमतं. पण तोच जंतू बाटलीत कोट्यवधींनी वाढवून त्याच्यावर औषधं तपासायची तर गोष्ट बदलली, कारण आता झाकण उघडताना उडणाऱ्या तुषारात जंतूच जंतू. कोविडमध्येही तसंच. आरटी-पीसीआर बीएसएल-२ मध्ये चालायचं, जिवंत विषाणू वाढवायचा तर बीएसएल-३.

ढोबळ सांगायचं तर पहिली पातळी म्हणजे कॉलेजची लॅब, यीस्ट आणि निरुपद्रवी जंतू. दुसरी म्हणजे बहुतेक हॉस्पिटलांच्या लॅब. तिथे तुषार उडणारं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, म्हणजे समोरून हवा आत ओढणाऱ्या पेटीत. तिसरी हवेतून लागणाऱ्या गंभीर रोगांसाठी, तिथे डक्टवाल्यांचा उतार लागतो. चौथी, ज्यावर बहुधा औषध नाही, लस नाही. तिथे माणूस नळीने हवा येणाऱ्या फुगीर पोशाखात, नाहीतर जंतू पूर्ण बंद पेटीत. आपल्या देशातली पहिली चौथी पातळी पुण्यात पाषाणला, एनआयव्हीची (राष्ट्रीय विषाणू संस्थेची).

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या चौथ्या आवृत्तीत तर या चार पायऱ्यांवरचा भर कमी केला. आधी धोका मोजा, मग लागेल तेवढीच तटबंदी करा, असं म्हणतात. कारण चार ही संख्या लोकांच्या डोक्यात बसते आणि मग जो तो म्हणतो आम्हाला तीनच पाहिजे. गरज दोनची असते.

मी बीएसएल-३ मध्ये तीन वर्षं काम केलं. मोबाईल बाहेर, घड्याळ बाहेर, अंगठी बाहेर. कव्हरऑल, दुहेरी हातमोजे, एन-९५. आत शिरताना मधल्या खोलीत भिंतीवरचा दाबाचा गेज बघायचा, आकडा वहीत लिहायचा, मगच पुढचं दार. नोंदवही आतच राहते, कागद ऑटोक्लेव्ह न करता (दाबाच्या वाफेत निर्जंतुक न करता) बाहेर येत नाही. मी काचेला पान लावून धरायचे आणि मैत्रीण पलीकडून फोटो काढायची. सगळ्यात मोठा शत्रू कोण सांगू? नाकाची खाज.

हळदबाजार_सांगली
आमच्या केळीच्या टिश्यू कल्चरमध्येही तसलं कॅबिनेट आहे. म्हणजे आम्ही बीएसएल-२ का?

सूक्ष्मजीव_ताई
@हळदबाजार, बहुधा तुमच्याकडे लॅमिनार फ्लो आहे, समोरून वारा तोंडावर येतो तो. तो केळीच्या रोपाला जपतो, तुम्हाला नाही. कुणी त्यात थुंकीचा नमुना उघडला तर पंखा सगळं थेट नाकात घालणार. बायोसेफ्टी कॅबिनेटला समोरच्या फटीतून हवा आत ओढली जाते, साधारण सेकंदाला अर्धा मीटर. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. बिनजंतूंच्या केळीला लॅमिनार उत्तम, तुमचं बरोबर चाललंय.

पेठ_शिवापूरचे_काका
थोडक्यात आमच्या आजीचं सोवळं. कुठे शिवायचं नाही, ओलेत्याने फिरायचं, बाहेरचं आत नाही. बीएसएल-४ होती ती.

डक्टवाला
काका, सोवळं म्हणजे क्लीन रूम. बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. इथे आतलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. आजी पॉझिटिव्ह प्रेशरवर होत्या.

पेठ_शिवापूरचे_काका
आजीचं प्रेशर पॉझिटिव्हच होतं, एकशे ऐंशी. हलकेच घ्या.

निळा_झेंडा_इस्लामपूर
हसा खुशाल. पण सोवळ्यात बाहेर कोण ठेवले जायचे हेही आठवा. जंतू आणि माणूस यात त्यांना फरक नव्हता.

पेठ_शिवापूरचे_काका
मान्य. चुकलो. उपमा मागे.

संपादक
या विषयावर वेगळा धागा काढावा. इथे खोल्यांवर बोलू.

वाईकर
सगळं खरं, पण गळती होतेच ना? १९७९ ला रशियात स्वेर्दलोव्स्कला लष्करी कारखान्यातून अँथ्रॅक्सची पूड बाहेर पडली. फिल्टर काढला होता तो परत बसवला नाही, असं तिथल्या जैविक शस्त्रांच्या कार्यक्रमातल्या एका अधिकाऱ्याने पुढे लिहिलं. वारा ज्या दिशेला होता त्या पट्ट्यात साठाहून अधिक माणसं मेली, पुढच्या गावांतली जनावरं मेली. सरकार कित्येक वर्षं म्हणत राहिलं, खराब मांस खाल्लं. १९९२ ला राष्ट्राध्यक्ष येल्त्सिनने कबुली दिली. पॅनेलवाल्यांच्या वडिलांचं काय चुकलं?

गोठा_डॉक्टर
वाईकर, वडिलांचं काहीच चुकलं नाही. पण गळती म्हटली की सगळ्यांना फिल्टरच आठवतो. मी गुरांचा डॉक्टर, शिरवळला शिकलो, मला आधी गटार आठवतं.

२००७, इंग्लंडमधलं पिरब्राइट. लाळ्या-खुरकूतवर काम करणारी संस्था आणि शेजारीच लसीचा कारखाना. हवेची व्यवस्था होती, फिल्टर होते. पण लॅबमधून सांडपाणी प्रक्रियेकडे नेणारी जमिनीखालची नळी जुनी आणि तडकलेली. त्या जुलैत धो धो पाऊस. विषाणू असलेलं पाणी मातीत उतरलं आणि आवारात काम करणाऱ्या गाड्यांच्या चाकांना चिखल लागून बाहेर गेला, असा चौकशीचा निष्कर्ष. काही किलोमीटरवरच्या गोठ्यात गुरांना खुरकूत. विषाणू लॅबमधलाच, १९६७ चा जुना वाण, तेव्हा बाहेर कुठे फिरत नव्हता. म्हणजे घात केला नळीने आणि पावसाने. आपल्याकडचा पाऊस आठवा आणि ड्रॉइंगमध्ये ड्रेन कुठे जातो ते बघा. चांगल्या डिझाइनमध्ये फरशीला शक्यतो ड्रेनच नसतो. असलाच तर पाणी आधी टाकीत उकळून किंवा रसायनाने मारून मग पुढे.

दुसरं, पॅनेलवाले, ही लॅब माणसांच्या नमुन्यांची की जनावरांची, हे विचारा. फार फरक पडतो. नळीतला जंतू कॅबिनेटमध्ये हाताळतात, म्हणजे पहिलं कुंपण कॅबिनेट, खोली दुसरं. पण गाय काय कॅबिनेटमध्ये बसत नाही! तिथे खोलीच पहिलं कुंपण. म्हणून मोठ्या जनावरांच्या वरच्या पातळीच्या खोलीला दाब धरण्याची परीक्षा असते. अमेरिकन पद्धतीत खोलीत सुमारे ५०० पास्कल ओढ निर्माण करायची, सगळं बंद करायचं, आणि २० मिनिटांत निम्म्याहून जास्त ओढ सुटता कामा नये.

डक्टवाला
+१. आणि ५०० पास्कल म्हणजे किती ते बघा. चार बाय तीन मीटरच्या भिंतीवर सहाशे किलोचा जोर. भिंतीला टेकून आठ-दहा पैलवान ढकलतायत असं समजा. कॅमलॉकचा सांधा त्यात कुरकुरणार, सिलिकॉन फाटणार. असल्या खोल्या बऱ्याचदा आरसीसीत करतात आणि आतून इपॉक्सी मारतात. माणसांच्या नमुन्यांच्या बीएसएल-३ ला एवढं नसतं, तिथे चांगलं पॅनेल चालतं.

कास_पठार
माझा आक्षेप वेगळा. असल्या लॅब साताऱ्यात कशाला? पुण्यात आहे की.

सूक्ष्मजीव_ताई
@कास_पठार, जंतू पत्ता विचारून येत नाहीत. तुमच्या जिल्ह्याचंच उदाहरण. मार्च २०२० मध्ये एनआयव्हीच्या लोकांनी महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं तपासली, त्यातल्या काहींमध्ये निपाह विषाणूचे पुरावे सापडले. माणसांत रोग आला असा त्याचा अर्थ नाही. पण शोध महाबळेश्वरला लागला आणि काम पाषाणला झालं, कारण निपाहवरच्या असल्या कामाला चौथ्या पातळीची खोली लागते. कोविडच्या पहिल्या दिवसांत इस्लामपूरचे नमुनेही पुण्याला जात होते, मिरजेत तपासणी नंतर सुरू झाली. अहवालाची वाट बघत बसलेल्या घरांना विचारा. सगळीकडे तीन-चार पातळी नको, पण जवळ एक धड दोन असली तर बिघडतं कुठे?

निळा_झेंडा_इस्लामपूर
ती वाट आम्ही बघितली आहे. ताईंशी सहमत.

कास_पठार
महाबळेश्वरचं माहीत होतं. त्या आठवड्यात बायकोने घरातली सगळी स्ट्रॉबेरी फेकून दिली. मी चोरून दोन खाल्ल्या, अजून आहे.

अक्कामावशी_कराड
माझ्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या आजीच्या वेळी प्लेग आला की सगळं गाव माळावर झोपड्यांत राहायला जायचं. घरात मेलेला उंदीर दिसला की त्याच संध्याकाळी चूल उचलायची. घरं बंद, कौलं काढून ऊन आत सोडलेलं. ते पण कंटेनमेंटच की. फक्त जंतू घरात आणि माणसं बाहेर.

पेठ_शिवापूरचे_काका
मावशी, ही उपमा चांगली, मी गप्प बसतो. अवांतर: त्याच प्लेगात हाफकिनने मुंबईत लस केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःलाच टोचून घेतली. कॅबिनेट नाही, हेपा नाही. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळाली तेवढी जागा, आणि छाती.

रजिस्टरवाला
मला यंत्रापेक्षा माणसांची भीती वाटते. पूर्वी एके ठिकाणी उपकरणं तपासायला जायचो. गेजचा काटा -३० वर. टिचकी मारली, हलेना. मागची नळीच निघालेली. रजिस्टर काढलं. महिनाभराचे आकडे एकाच पेनाने, एकाच हाताने, सगळे -३०. आणि ३१ जूनलाही -३० होतं.

मिरजेचा_तंबोरा
३१ जून! धागा वसूल.

वाईकर
हेच तर मी म्हणतोय. २०१९ ला चीनमध्ये लान्झोऊला जनावरांच्या लसीचा कारखाना, मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं, टाकीतून निघणाऱ्या हवेतले जंतू मेलेच नाहीत आणि दहा हजारांवर लोकांना ब्रुसेलाची (जनावरांकडून येणाऱ्या तापाच्या जंतूची) लागण. तुम्ही कितीही उतार करा, बाटलीवरची तारीख कोण बघणार?

गोठा_डॉक्टर
ब्रुसेलाचं नाव काढलंत म्हणून. तो ताप आमच्या धंद्याला लागूनच येतो. गाभडलेल्या म्हशीचा वार हाताने काढतो आम्ही, कित्येकदा हातमोजा फाटका. मला स्वतःला २०११ ला झाला, महिनाभर संध्याकाळी ताप, सांधे धरलेले. गोठ्यात ना गेज, ना हेपा. म्हणून लॅबला घाबरणाऱ्यांची मला गंमत वाटते. पण तारीख कोण बघणार, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

सूक्ष्मजीव_ताई
उत्तर कागदावर तरी आहे. संस्थेत जैवसुरक्षा समिती हवी, जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, तिसऱ्या-चौथ्या पातळीला प्रमाणपत्र लागतं, हेपाची गळती दरवर्षी जागेवर तपासायची. गावकऱ्यांनी ग्रामसभेत "रोग आणताय का?" असं न विचारता "समितीत बाहेरचा माणूस कोण, आणि फिल्टर शेवटचा कधी तपासला?" असं विचारावं. पहिल्याला गोड बोलून उत्तर देता येतं, दुसऱ्याला कागद काढावा लागतो.

कोयनाकाठ
हेपा ०.३ मायक्रॉनचा म्हणतात आणि कोविडचा विषाणू ०.१. मग तो निसटत कसा नाही? चाळणीतून रवा जातो तसा जायला पाहिजे.

डक्टवाला
हेपा चाळणी नाहीच, काटेरी जंगल समजा. मोठे कण वळणावर आपटून अडकतात. फार लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात झिंगल्यासारखे फिरतात आणि कुठल्यातरी तंतूला चिकटतात. मधलेच, साधारण ०.३ चे, सगळ्यात निसटणारे. म्हणून परीक्षा त्यांच्यावर घेतात आणि तिथे ९९.९७ टक्के अडले पाहिजेत. लहान त्याहून जास्त अडकतात.

पॅनेलवाला_कुपवाड
मंडळी, दहा दिवसांनी येतोय. सगळं वाचलं, काही दोनदा.

ठेकेदाराला विचारलं माणसांचं की जनावरांचं. तीन फोन झाल्यावर कळलं की माणसांचेच नमुने, आणि खरं तर बीएसएल-२, "पुढे मागे तीन करू" म्हणून ड्रॉइंगवर तीन लिहिलंय. ताई, तुमचं वाक्य आठवलं. ड्रेनचंही विचारलं. फरशीला दोन जाळ्या होत्या, त्या आता काढतायत.

पण खाज स्वस्थ बसू देईना. शेडमध्ये उरलेल्या पॅनेलची दहा बाय दहाची खोली उभी केली. पोल्ट्रीचा जुना एक्झॉस्ट फॅन लावला, दार लावलं, आणि आईच्या देवघरातली उदबत्ती घेऊन बाहेरून सगळे सांधे फिरलो. कॅमलॉकच्या सांध्यांवर धूर जरासा हलायचा. दाराच्या खालून आत जायचा, ते अपेक्षितच. मी खूश. मग स्विचबोर्डापाशी आलो. वायरची पाइप पॅनेलमधून आत जाते तिथे मी नेहमी कापडाचा बोळा कोंबतो, कोल्ड स्टोरेजला तेवढं पुरतं. उदबत्ती तिथे नेली तर धूर सरळ रेघेसारखा आत. बोळा काढून सिलिकॉन भरलं तरी पाइपच्या आतून जातच राहिला. शेवटी पाइपच्या तोंडात वायरींच्या मधे सीलंट भरलं तेव्हा थांबला.

वडील खुर्ची टाकून बघत बसले होते. म्हणाले, "गेली वीस वर्षं लोकांची लाईटबिलं त्या पाइपातून जातायत होय रे?"

कोटेशन दिलंय. पॅनेल आणि दारं माझी, हवेचं काम डक्टवाल्यांसारख्या कुणाचं तरी. डक्टवाले, तुमचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

डक्टवाला
केला. पाइपचं तोंड बुजवायचे पैसे वेगळे लावलेत ना?

पॅनेलवाला_कुपवाड
विसरलो.